नवमीचा रकाना

अष्टमीच्या सकाळी मशीनच्या खोलीत मी आणि बायकोनं मिळून आकडे बघितले, तेच आमचं शेवटचं सुरळीत काम. त्या खोलीत बारा महिने थंडी, म्हणून तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून गुंडाळून घेतला होता. मी बटणं दाबली. पडद्यावर ओळ आली. ती स्टुलावर बसून वाचत गेली, मी वहीत खूण करत गेलो.

"ओळ एकच."

"एकच."

"मधला शून्य."

"हाय."

"शेवटचा चार, आठ, एक, सात, दोन. काल काय होता?"

मी वही डोळ्यांजवळ नेली. कालही तोच होता. "झालं, चहा टाकते," म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. एवढंच. त्यानंतर ती सहा दिवस होती, पण सरळ असं काही झालं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. वीस वर्षं लेथवर काढली, मग कारखाना बंद पडला आणि सदाशिव पेठेत एका इमारतीत वॉचमन झालो. तिसऱ्या मजल्यावर कंप्युटरची कंपनी आली, तेव्हा त्यांनी मला शिपाई म्हणून घेतलं आणि तिला झाडलोट-चहाला. जिन्याखालची खोली राहायला. आम्ही मूळचे मांजरीकडचे, उसातले. ती सातवी झालेली. इंग्रजी आकडे ती माझ्यापेक्षा झरझर वाचायची. माझ्या डोळ्यांत पडदा आलेला, तिनंच वाचायचं असं ठरून गेलं होतं.

हे काम आमच्या गळ्यात कसं पडलं ते सांगतो. कंपनी परदेशातल्या दवाखान्यांची कागदपत्रं करायची. कुणाला काय आजार, कुणाचं काय कापलं, सगळं. मशीनवाले साहेब एकदा मला खोलीत घेऊन गेले आणि म्हणाले, काका, हे सगळं ह्या एका तारेवरून जातं-येतं, पण कुलूप लावून. कुलपाच्या किल्ल्या दर तासाला बदलतात. त्या मशीनच्या पार गाभ्यात ठेवलेल्या असतात आणि त्या आत-बाहेर करायला गाभ्याला एक खिडकी असते. त्या खिडकीला ते सॉकेट म्हणायचे. तिथं आपला एकच प्रोग्रॅम उभा पाहिजे. तो पडद्यावर एक ओळ होऊन दिसतो. मधला आकडा शून्य असला म्हणजे काही तुंबलेलं नाही. दुसरा कुणी येऊन उभा राहिला की दुसरी ओळ दिसेल. आपलाच पडला आणि परत उठला तर ओळ एकच राहील, पण शेवटचा आकडा बदलेल.

मी विचारलं, दुसरा कुणी उभा राहिला तर काय होतं?

"तर तो प्रत्येक किल्ली बघतो, काका. मग कुलूप असून नसल्यासारखंच."

गिऱ्हाइकाची अट होती की रोज सकाळी माणसानं डोळ्यांनी बघायचं आणि हातानं वहीत लिहायचं. मशीनवर मशीनची राखण त्यांना नको होती. साहेब सदाशिव पेठेतलेच, त्यांची जीभ तशीच. म्हणाले, सकाळी सातला इथले इंजिनियर फार तर कूस बदलतात, तेव्हा हे तुम्हालाच जमेल. वरच्या बाणाचं बटण एकदा, मग मोठं बटण एकदा. बाकी कशाला हात लावायचा नाही. वेगळं काही दिसलं तर मला लगेच फोन.

एकदा मी रकाना कोरा ठेवला होता. ती मांजरीला गेली होती आणि मला आकडा नीट दिसेना. साहेब म्हणाले, "काका, कोरी जागा लग्नपत्रिकेच्या पाकिटावर सोडतात, नाव घालायला. ही वही आहे." आजूबाजूची पोरं हसली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ते लागतं. त्या दिवसापासून मी एकही रकाना कोरा ठेवला नाही.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात लेथ धुऊनपुसून, हळदकुंकू लावून बंद ठेवायचे. पूजा झालेल्या हत्याराला दिवसभर हात लावायचा नाही. हे आम्हाला लग्नाच्याही आधीपासून माहीत. कंपनीतही पूजा व्हायची, अकराला, नव्या कपड्यांत, पेढे वाटून. पण मशीनच्या खोलीतली पूजा ती स्वतः सकाळीच करायची. मंडईतून आदल्या दिवशी झेंडू आणलेला. त्या नवमीला सातच्या आत तिनं मशीनला बोट टेकवून कुंकू लावलं, फूल ठेवलं, उदबत्ती मात्र दाराबाहेर लावली, कारण धुराचं साहेबांनी बजावलं होतं. मी स्टूल ओढलं तर म्हणाली, आज नको.

मी म्हटलं, अगं, मशीन तर चालूच हाय. म्हणाली, ते चालवणारे परदेशात हायत, त्यांना नवमी नाही. आपल्याला हाय. आपला हात नको.

मला पटलं. लेथवरचा माणूस मी, मला पटणारच. मी वही उघडली. ती म्हणाली, कोरा ठेवा, नाहीतर पूजा म्हणून लिहा. मी साहेबांचं ते पाकीट आठवलं. आणि लिहिलं. ओळ एक. मधला शून्य. चार, आठ, एक, सात, दोन. तिनं बघितलं. "न बघता लिवलं?" म्हणाली. मी म्हटलं, काल होता तोच असणार, एका रात्रीत काय बदलतंय.

दसऱ्याला कंपनी बंद, सुट्टीच्या दिवशी वहीत रकानाच नसायचा. दुपारी नागपूरकडची एक इंजिनियर मुलगी आली. साहेबांच्या हाताखाली असायची, पेठेतच तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. खोलीवरच्या सगळ्या गावाला गेल्या होत्या, एकटीला करमेना, म्हणून काम करायला आली. आम्हाला काका-मावशी म्हणायची. आमच्या हातात आपट्याची पानं ठेवून तिनं वाकून नमस्कार केला, हिनं तिला जेवायला बसवलं. मी वर दार उघडून दिलं आणि गेटच्या रजिस्टरात तिची येण्या-जाण्याची वेळ लिहिली. दोन तास.

एकादशीच्या सकाळी बटण दाबलं. ती वाचायची थांबली.

"दोन हायत," म्हणाली.

मी म्हटलं, नीट बघ. तिनं पडद्याला बोट लावून दाखवलं. एक ओळ, तिच्याखाली दुसरी. पहिलीचा आकडा अष्टमीचाच. दुसरीचा निराळा, खूप मोठा.

मला त्या खोलीत घाम फुटला. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना भ्यालोय. बंद कारखान्याच्या फाटकावर लाठ्या चालल्या तेव्हा भ्यालो. पण तिथं समोर माणूस होता. इथं चोर खोलीत आमच्याबरोबर उभा होता, किल्ल्या बघत होता आणि त्याला अंग नव्हतं. पंखे फिरत होते. फुलं सुकून मशीनवर तशीच पडली होती. मी मागं वळून बघितलं, खरंच बघितलं, कपाटामागं.

साहेबांना फोन लावला तर ते घरात नव्हते. मग कंपनीच्या मालकांना लावला. मालक घाबरट माणूस. दोन ओळी म्हटल्याबरोबर ओरडले, तार ओढा, आत्ताच्या आत्ता तार ओढा. कुठली म्हणून विचारावं तर फोन ठेवला होता. मी खाली वाकलो, हाताला आली ती जाड तार ओढली. पंखे थांबले. पडदा काळा झाला. ती कागदपत्रांची तार नव्हती, विजेची होती.

साहेब आले ते चेहरा पांढरा करून. मशीन परत चालू केलं तर ओळ एकच, आकडा नवा. त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं, की मशीन चालू असतं तर दुसऱ्या ओळीवर कोण होता, कधीपासून होता, हे पाच मिनिटांत कळलं असतं. आता ते सगळं गेलं. राहिली फक्त तुमची वही. असं म्हणून त्यांनी वही बगलेत घातली आणि रोजचं बघणंही आमच्याकडून काढून घेतलं.

मी तारेबद्दल बोलणी खायची तयारी केली होती. ती कुणी दिलीच नाहीत. उलट मालक म्हणाले, काका, तुमच्या वहीमुळं निदान एवढं तरी समजतंय. काय समजतंय ते दुसऱ्या दिवशी मला कळलं. नवमीच्या सकाळी ओळ एकच होती, म्हणजे चोर नवमीनंतर शिरला. नवमीला पूजेनंतर मशीनला कुणी शिवलं नाही. एकादशीला पडद्यावर साहेबांच्या कामाची चौकट उघडी दिसली होती, पण ती रोजच उघडी असायची, आणि ते अष्टमीला संध्याकाळी गेले ते आलेच नव्हते. दसऱ्याला एकच माणूस आला. रजिस्टरात नाव माझ्याच हातचं.

त्या मुलीला सकाळी आत घेऊन बसले ते दुपारपर्यंत. मी पाणी द्यायला गेलो. तिचा आवाज गेला होता. ती परत परत एकच सांगत होती, सर, मी माझंच काम तपासलं आणि निघाले. साहेब म्हणत होते, मग दुसरी ओळ काय आकाशातून पडली? पाण्याचा पेला ठेवताना कलंडला आणि पाणी तिच्या कागदावर सांडलं. ती उठून मलाच म्हणाली, असू द्या काका.

खाली येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती, हात थांबवला आणि म्हणाली, आपण नवमीला बघितलं नाही ते सांगायला पाहिजे. मी म्हटलं, गप. त्यानं काय होणार? चोर तर आला होताच. म्हणाली, कधी आला ते त्यांना कुठं ठाऊक हाय? तुमच्या खोट्या आकड्यावर त्या पोरीला धरलंय.

हे सातवीचं डोकं. माझ्या चौथीच्या डोक्यालाही ते कळलं होतं, पण मला भीती आडवी येत होती. वहीत खोटं लिहिलं हे कळलं की माझं नाव चोराच्या बाजूला जाणार. पोलीस येणार हे मालक सारखं बोलत होते. मशीन बंद करणारा मी, खोटं लिहिणारा मी, दाराच्या किल्ल्या कमरेला असणारा मी. मुलीला निदान इंग्रजी येतं, ती आपली बाजू मांडेल. मला काय येतं? नोकरी गेली की जिन्याखालची खोलीही जाणार. साठीला आलेली आम्ही दोघं मांजरीला मेव्हण्याच्या दारात उभी राहणार होतो काय?

तीन दिवस असेच गेले. जिन्यावर बुटांचा आवाज आला की मी दाराआड व्हायचो. फोन वाजला की ती माझ्याकडं बघायची आणि मी दुसरीकडं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वरून बातमी आली. गिऱ्हाइकाला नाव हवंय. परवा सकाळी दहाला मुलीनं राजीनाम्यावर सही करायची, नाहीतर प्रकरण पोलिसात. आणि तिच्या कागदावर असा शेरा पडणार की पुण्यात तिला कुणी दारात उभं करणार नाही.

बायको म्हणाली, "उद्या मी सांगते. तुम्ही नका सांगू, मी सांगते."

मी म्हणालो, "तोंड शिवून घरात बस. तुझ्याच नवमीनं ही वेळ आली."

तिनं ताट वाढलं. स्वतः जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला वर जाऊच दिलं नाही. झाडलोट मी केली, चहाही मीच नेला. खोलीला बाहेरून कडी घातली नाही एवढंच. सारखा खाली बघत होतो, ही जिना चढतेय का. साडेबाराला खाली आलो तर ती भिंतीला टेकून बसली होती, हात छातीवर. म्हणाली, दम लागतोय, थोडं पाणी द्या. रिक्षात घातली तेव्हा बोलत होती. दवाखान्याच्या दारात बोलत नव्हती. डॉक्टरांनी तासाभरानं बाहेर येऊन सांगितलं.

संध्याकाळी स्मशानात मेव्हणा आणि मांजरीची चार माणसं होती. कंपनीतून साहेब आले, ती मुलगीही आली, लांब उभी राहून रडत होती. तिला दुसऱ्या दिवशी सही करायची होती आणि ती माझ्या बायकोसाठी रडत होती. आणि तिथं, अग्नी देऊन मागं सरलो तेव्हा, माझ्या मनात काय आलं ते लिहितो, कारण लिहायला बसलोय ते ह्याचसाठी. मनात आलं, आता माझ्याशिवाय हे कुणालाच माहीत नाही. आणि मला हलकं वाटलं. एक क्षणभर, पण वाटलं. छातीवरचा धोंडा काढल्यासारखं. मग मला कळलं की मी कशानं हलका झालोय, आणि मी खालीच बसलो. मेव्हण्यानं दंड धरला. त्याला वाटलं दुःखानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा म्हणाला, दाजी, नवाला राख सावडायला जायचंय, आंघोळ उरका. मी आंघोळ केली आणि जिन्याकडं वळलो. तो मागून म्हणाला, सुतकात कुठं निघाला वर? तुम्ही व्हा पुढं, मी येतो म्हटलं. त्यानं कपाळाला हात लावला.

तीन मजले चढताना मी काय सांगायचं ते जुळवत होतो. आणि जुळवता जुळवता ते तिच्यावर ढकलत होतो. ती म्हणाली नको. ती म्हणाली हात लावू नका. मेलेल्या माणसाला कोण जाब विचारणार? मी वाईट माणूस नाही असं मला वाटायचं, पण त्या जिन्यावर मी तेच करत होतो.

साहेब लवकर आले होते. मला बघून उठले. बसा म्हणाले, चहा मागवतो, कशाला आलात. मी उभाच राहिलो आणि म्हणालो, "नवमीला आम्ही बघितलंच नव्हतं. पूजा झाली होती. तिनं नको म्हटलं, म्हणून कालचाच आकडा लिहिला."

साहेबांनी खणातून वही काढली. नवमीचं पान उघडलं. अष्टमीच्या आकड्याशी ताडून बघितलं.

"म्हणजे नवमीला दोन ओळी असू शकत होत्या."

"असतील. बघितलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. पुढं जे बोलले ते मला नाही, स्वतःलाच. अष्टमीला संध्याकाळी तार सारखी तुटते अशी तक्रार आली होती. किल्ल्या नीट बदलताहेत का ते बघायला त्यांनी स्वतःच त्या खिडकीशी एक प्रोग्रॅम लावून ठेवला होता, ऐकत बसणारा; तो चालू असला की दुसरी ओळ दिसते. मग घरून फोन आला, फुलं आणा, आणि ते तसेच उठून गेले. एकादशीला त्यांना ते आठवलंही होतं. पण वहीत नवमीला एकच ओळ होती. म्हणजे आपण तो बंद करूनच गेलो असणार, असं त्यांनी धरलं.

"तुमच्या अक्षरावर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता, काका," ते म्हणाले. त्यांच्या नेहमीच्या खोचक आवाजात नाही. "आधी का नाही बोललात?"

"भ्यालो."

ते वही घेऊन मालकांच्या खोलीकडं निघाले. दारापाशी थांबून म्हणाले, तुम्हालाही यावं लागेल, माझं एकट्याचं ऐकणार नाहीत. घड्याळात दहाला दहा मिनिटं होती. खाली मेव्हण्याचा आवाज येत होता, माणसं खोळंबली होती.

आत मालक होते, आणि ती मुलगी समोर कागद घेऊन बसलेली. मला बघून ती उभी राहिली. साहेबांनी वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, काका, मला सांगितलंत तसं सांगा.

मी सांगायला लागलो. पूजा झाली होती, तिनं नको म्हटलं. एवढं म्हटलं आणि पुढं जाईना. मुलगी माझ्याकडं बघत होती, डोळे सुजलेले. मालक म्हणाले, हं, पुढं.

मी म्हटलं, नाही, असं नाही, परत सांगतो. आणि पहिल्यापासून सांगितलं. तिनं हात लावू नका म्हटलं होतं, पण रकाना कोरा ठेवा असंही म्हटलं होतं. आकडा मी लिहिला. ती परवापासून सांगायला निघाली होती, मी तिला जाऊ दिलं नाही. काल सकाळीही जाऊ दिलं नाही. मालकांनी विचारलं, हे लिहून द्याल का? मी हो म्हटलं. साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला. मुलगी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, कारण मला ओळ दिसत नव्हती. तिनं बोट ठेवलं तिथं मी लिहायला सुरुवात केली.